बोक्याचं इन्सुलिन: डोस कधी वाढवायचा, कधी कमी करायचा, कधी हात लावायचा नाही

मांजराला मधुमेह असल्याचं कळलं की सुरुवातीला सगळं लक्ष सुई टोचण्यावर असतं. ते जमतं, बहुतेक मांजरांना त्या बारीक सुईपेक्षा साखर मोजायच्या मीटरसाठी कान धरणं जास्त खटकतं. खरी अडचण नंतर येते. सकाळी मीटरवर ३८०, १ युनिट देऊनही संध्याकाळी ३५०, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "अर्धा वाढवून बघूया का?" या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं, त्यासाठी हा लेख.

निदान डॉक्टरांनी केलंय, इन्सुलिन त्यांनीच लिहून दिलंय आणि सुरुवातीचा डोस त्यांनी ठरवलाय, असं गृहीत धरलं आहे. तो डोस बहुधा दर १२ तासांनी १ युनिट असतो. मांजर मोठं असेल आणि साखर फार चढलेली असेल तर कधी २, पण सुरुवातीला त्यापुढे सहसा जात नाहीत. कोणी पहिल्याच दिवशी ४ किंवा ५ युनिट सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका.

आधी एक कागद लिहून घ्या

डॉक्टरांकडून चार आकडे कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजच्या दारावर लावा: साखर कितीच्या खाली असेल तर इंजेक्शन द्यायचंच नाही, दिवसभरात ती कितीच्या खाली गेली तर डोस कमी करायचा, एका वेळी जास्तीत जास्त किती वाढवायचं, आणि कितव्या युनिटनंतर त्यांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. या लेखातले आकडे साधारण वापरात असलेले आहेत. तुमच्या कागदावर वेगळे असतील तर कागद खरा.

त्याच कागदावर रात्री उघडं असणारं ठिकाण लिहा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल किंवा महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल ही नावं ठाऊक असतात, पण तुमच्या घरून पहाटे तीनला तिथे पोचायला किती वेळ लागतो, गाडी कोणाची, आणि त्या वेळी तिथे कोण असतं, हे आधी फोन करून विचारलेलं बरं. मीरा रोडला किंवा कल्याणला राहणाऱ्याने जवळचं दुसरं ठिकाण शोधून ठेवावं.

इंजेक्शनची वेळ तुमच्या दिवसाला झेपेल अशी निवडा. संध्याकाळी सातची वेळ ठरवली आणि तुमची लोकल रोज साडेसातला ठाणे सोडत असेल तर ती वेळ पहिल्याच आठवड्यात मोडणार. सकाळी साडेआठ आणि रात्री साडेआठ बहुतेकांना जमतं. अर्धा तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. रोज दोन तास इकडेतिकडे होत असेल तर मात्र आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

बाटली आणि सिरिंज: इथे अडीचपट चूक होते

मांजरांसाठी पहिल्या पसंतीच्या इन्सुलिनांपैकी ग्लार्जिन हे माणसांच्या केमिस्टकडे सहज मिळतं. लँटस, बासालॉग, ग्लॅरिटस ही सगळी ग्लार्जिनच. यात १ मिलीमध्ये १०० युनिट असतात. पण आपल्याकडे माणसांची साधी आणि मिश्र इन्सुलिनं १ मिलीत ४० युनिट या ताकदीतही भरपूर विकली जातात, आणि म्हणून दुकानात दोन प्रकारच्या सिरिंज असतात: लाल टोपीची ४० युनिटवाली आणि केशरी टोपीची १०० युनिटवाली. काउंटरवर गर्दी असताना "इन्सुलिनची सिरिंज द्या" एवढंच म्हटलं तर हातात कोणतीही पडू शकते.

लाल टोपीच्या सिरिंजवर १ युनिटची खूण म्हणजे ०.०२५ मिली. तेवढं ग्लार्जिन भरलं तर ते अडीच युनिट झालं. ५ किलोच्या मांजराला १ ऐवजी २.५ युनिट गेले तर ती रात्र हॉस्पिटलात जाऊ शकते. उलट चूकही होते. कॅनइन्सुलिन हे प्राण्यांचं इन्सुलिन १ मिलीत ४० युनिटचं आहे. ते केशरी टोपीच्या सिरिंजने दिलं तर १ युनिटच्या जागी ०.४ युनिटच जातं, आणि मग "इन्सुलिन लागूच पडत नाही" म्हणून डोस वाढवत बसतात. म्हणून दर वेळी नवं पाकीट आणलं की बाटलीवरची ताकद आणि सिरिंजवरची ताकद शेजारी धरून वाचा.

टुजिओ हेही ग्लार्जिनच, पण १ मिलीत ३०० युनिट. दुकानदाराने "तेच औषध आहे" म्हणून दिलं तर घेऊ नका, आणि त्या पेनातून सिरिंजने कधीही काढू नका. घरात आजी-आजोबांचं मिक्स्टार्ड (माणसांचं मिश्र इन्सुलिन) असेल तर मांजराच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवा. आपलं संपलं म्हणून एका वेळेपुरतं आजीचं वापरायचं, असं अजिबात नको. त्यापेक्षा ती वेळ चुकलेली परवडली.

सिरिंज ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मागा. प्रत्येक दुकानात नसते. डायबेटिसचं सामान ठेवणाऱ्या मोठ्या केमिस्टकडे किंवा ऑनलाइन मागवावी लागते. १ मिलीच्या सिरिंजवर अर्धा युनिट डोळ्यांनी मोजता येत नाही. अर्धा युनिट म्हणजे ०.००५ मिली, सुईच्या टोकावर लटकणाऱ्या थेंबापेक्षाही कमी. सिरिंजमध्ये बारीकसा बुडबुडा राहिला तरी तेवढी जागा तोच खातो. म्हणून जरा जास्त ओढा, सिरिंज उभी धरून टिचकी मारा, बुडबुडा वर आला की दट्ट्या हळू दाबत खुणेवर आणा. दट्ट्याच्या रबराची वरची कड खुणेवर हवी, आणि ती रोज त्याच उजेडात, त्याच माणसाने बघितलेली बरी. घरात दोघे जण इंजेक्शन देत असाल तर एकदा रिकाम्या सिरिंजमध्ये पाणी भरून दोघांचं "१ युनिट" सारखं येतं का पाहा. बऱ्याचदा येत नाही, आणि सोमवार-मंगळवारच्या आकड्यांतला फरक तिथेच सापडतो.

१० मिलीच्या बाटलीत १००० युनिट असतात आणि मांजराला महिन्याला साठेक लागतात, म्हणून ३ मिलीचं कार्ट्रिज घेणं शहाणपणाचं. त्यातून सिरिंजने काढताना आत हवा भरू नका. काढलेलं जास्तीचं इन्सुलिन परत आत ढकलू नका. ग्लार्जिन हलवायचं नाही, पातळ करायचं नाही, दुसऱ्या कशात मिसळायचं नाही. ते आम्ल असतं म्हणून बाटलीत पारदर्शक राहतं, आणि कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण बनून तिथून ते सावकाश रक्तात उतरतं. पातळ केलं की हा सगळा हिशोब बिघडतो. दुसऱ्या प्रकारचं इन्सुलिन असेल तर हलवायचं की हातात फिरवायचं, ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा.

साठवण २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात, फ्रीझरच्या भिंतीला न टेकवता. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळल्यावर नेहमीसारखंच दिसतं, पण ते फेकायचं. पाकिटावर उघडल्यानंतर २८ दिवस लिहिलेलं असतं, तेही ३० अंशांच्या आत. मे महिन्यातलं मुंबईतलं स्वयंपाकघर त्या हिशोबात बसत नाही, म्हणून उघडलेलं कार्ट्रिजही फ्रिजमध्येच ठेवा. फ्रिजमध्ये ठेवून जास्त दिवस वापरायला अनेक व्हेट परवानगी देतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. ग्लार्जिन ढगाळ दिसलं की ते टाकून द्यायचं.

कान, थेंब, मीटर

घरी साखर मोजल्याशिवाय डोस बदलायचा नाही. लघवीच्या पट्टीवरून तर मुळीच नाही: मांजराची साखर साधारण २५० ते २९० च्या वर गेल्यावरच लघवीत उतरते, त्यामुळे पट्टी "साखर नाही" म्हणाली तर रक्तात २०० आहे की ४०, हे कळायला मार्ग नाही. दवाखान्यात काढलेल्या एका आकड्यावरही विसंबू नका. पिंजरा, रिक्षा, शेजारच्या बाकावरचा कुत्रा एवढ्याने मांजराची साखर ३०० च्या वर जाऊ शकते, मधुमेह नसला तरी.

कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. तिच्या आणि कडेच्या मधल्या पट्टीत टोचायचं.

१. छोट्या बाटलीत कोमट पाणी भरून ती अर्धा मिनिट कानाला लावा. थंड कानातून थेंब निघत नाही, आणि बहुतेकांची सुरुवातीची फजिती इथेच होते.
२. स्पिरिट लावू नका. झोंबतं, आणि ओलं राहिलं तर आकडाही चुकतो. त्याऐवजी व्हॅसलीनचा अगदी पातळ थर लावा, म्हणजे रक्त केसांत न पसरता मण्यासारखं उभं राहतं.
३. कानामागे कापसाचा बोळा धरा, म्हणजे लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) आरपार जाऊन तुमच्या बोटात जाणार नाही. लॅन्सेट २८ नंबरचं चालतं. सुरुवातीला थेंब येत नसेल तर २६.
४. स्ट्रिप आधीच मीटरमध्ये लावून ठेवा आणि तिचं टोक थेंबाला फक्त टेकवा. रक्त ती स्वतः ओढते.
५. बोळ्याने तीस सेकंद दाबा. हे टाळलं तर कान काळानिळा पडतो.
६. लगेच खाऊ. वाफवलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरे, पण दर वेळी.

पावसाळ्यात स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की स्ट्रिप दमट होतात आणि आकडे भरकटतात. जून ते सप्टेंबर डबी खिडकीपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, फ्रिजमध्येही नाही.

माणसांच्या ग्लुकोमीटरवर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते. तरीही तो वापरता येतो, फक्त मीटर बदलत राहू नका. या लेखातले आकडे माणसांच्या मीटरचे धरले आहेत. प्राण्यांसाठी बनवलेला मीटर असेल तर धोक्याच्या रेषा थोड्या वर घ्या: ६० च्या जागी ७०, ८० च्या जागी ९०.

दंडाला चिकटवतात तो लिब्रे सेन्सर मांजराच्या पाठीवर केस भादरून लावता येतो. पेटीवर १४ दिवस लिहिलेलं असलं तरी मांजरं तो बहुधा आधीच काढतात. तो कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून रक्तापेक्षा दहा-पंधरा मिनिटं मागे असतो, आणि पहिल्या दिवसाचे आकडे फारसे मनावर घ्यायचे नाहीत. ५० किंवा ६० दाखवला तर कानातून एकदा खात्री करा. मांजर लडखडत असेल तर मात्र खात्री करत बसू नका, आधी साखर द्या.

सकाळचा आकडा फसवतो

डोस दिवसातल्या सर्वात कमी आकड्यावरून ठरतो. इंजेक्शनच्या आधीच्या आकड्यावरून नाही. दोन इंजेक्शनांच्या मधे साखर खाली जाते आणि पुन्हा वर येते. त्यातला तळ किती खोल, हे पाहायचं. तीन मांजरं घ्या, तिघांचीही सकाळी साडेआठला साखर ३४०, तिघांनाही १ युनिट.

पहिलं: साडेदहाला ३२५, साडेबाराला ३०८, अडीचला २९०, साडेचारला ३००, साडेसहाला ३३०. तळ २९०. डोस अपुरा आहे, वाढवायला हरकत नाही.

दुसरं: २९५, २२०, १६५, १४५, २१०, आणि रात्री ३१५. तळ १४५. डोस बरोबर आहे. सकाळ-संध्याकाळचा चढा आकडा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरू शकतो. इथे वाढवलं तर तळ ८० च्या खाली जाऊ शकतो.

तिसरं: २१०, ११०, ६४, ५८, १४०, आणि रात्री ३३०. तळ ५८. डोस जास्त होतोय आणि तो कमी करायचा आहे.

फक्त सकाळ-संध्याकाळ मोजणाऱ्याला ही तिन्ही मांजरं सारखीच दिसतात आणि तो तिघांचाही डोस वाढवतो. साखर खूप खाली जाऊन शरीर ती उसळून वर आणतं, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. ग्लार्जिनवरच्या मांजरांत ते क्वचित होतं असं आता दिसतं, म्हणून प्रत्येक चढ्या आकड्याला तेच कारण चिकटवू नका. पण तळ माहीत नसताना वाढवायचं नाही, हा नियम त्याने बदलत नाही.

तळ शोधायला एक सुट्टीचा दिवस घ्या. सकाळी मोजा, नेहमीचं खाणं, नेहमीचं इंजेक्शन, मग दर दोन तासांनी मोजून रात्रीच्या इंजेक्शनपर्यंत. १०० च्या खाली दिसलं तर दर तासाला. ग्लार्जिनचा तळ बहुधा चौथ्या ते आठव्या तासात येतो, पण काही मांजरांत तो बाराव्या तासाजवळही असतो, म्हणून पहिला आलेख पूर्ण काढा. तुमच्या मांजराची वेळ कळली की पुढे रोज दोन इंजेक्शनांआधी आणि तळाच्या वेळी एकदा एवढं पुरतं. ऑफिसला जाणाऱ्यांनी तळ रात्री शोधावा: साडेआठच्या इंजेक्शननंतर झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे अडीचच्या सुमाराला गजर लावून एकदा.

आकड्यांच्या शेजारी वहीत आणखी तीन रकाने ठेवा. पाणी: भांड्यात मोजून घाला, उरलेलं मोजा, ५ किलोचं मांजर दिवसाला २५० मिलीच्या वर पीत असेल तर साखर ताब्यात नाही. लघवी: वाळूत गोळे किती आणि केवढे. वजन: आठवड्यातून एकदा, मांजराला घेऊन काट्यावर, मग एकट्याने. आकडे बरे पण वजन उतरतंय, असं असेल तर ते डोसचं काम नसून डॉक्टरांचं आहे.

डोस बदलायचा तर

बदल केला की पाच ते सात दिवस थांबा. ग्लार्जिनचा कातडीखाली साठा बनतो आणि नव्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस जातात. मंगळवारी वाढवलं, गुरुवारी काही दिसलं नाही म्हणून पुन्हा वाढवलं, की शनिवारी दोन्ही एकदम अंगावर येतात. आणि इन्सुलिन सुरू केल्यापासूनचा पहिला आठवडा, आकडे कितीही चढे असोत, वाढवायचं नाही. कमी करायला मात्र हा थांबा लागू नाही. गरज दिसली की पुढच्याच इंजेक्शनपासून.

तळ २०० च्या वर आणि मांजर पाणी फार पितंय: अर्धा युनिट वाढवा. १ युनिट किंवा त्याहून कमी डोसवर अर्धा म्हणजे एकदम निम्मी वाढ होते, म्हणून तिथे पाव युनिट बरं. पाव युनिट म्हणजे अर्ध्याच्या दोन खुणांमधला मध्य; डोळ्यांवर भरवसा नसेल तर तो नाद सोडा आणि आणखी एक आठवडा थांबून मग अर्धा वाढवा.

तळ १५० ते २००: मांजर खातंपितं, खेळतं, वजन स्थिर असेल तर आणखी एक आठवडा तसंच. लक्षणं असतील तर पाव युनिट वाढवा.

तळ ८० ते १५०: हात लावू नका. सकाळचा आकडा ३२० असला तरी.

तळ ६० ते ८०, मांजर ठीक: पाव ते अर्धा युनिट कमी.

तळ ६० च्या खाली, किंवा कितीही असला तरी लडखडणं, थरथर, भेदरलेली मोठी बुबुळं, अचानक वखवखल्यासारखं खाणं: खाली सांगितल्याप्रमाणे साखर द्या, डॉक्टरांना फोन करा, आणि पुढचा डोस त्यांच्याशी बोलल्याशिवाय देऊ नका. लक्षणं दिसली असतील तर पुढे डोस साधारण निम्म्यावर आणतात.

दिवाळीच्या आठवड्यात, घरात रंगकाम चालू असताना, पाहुणे राहायला आले असताना काढलेला आलेख डोस वाढवायला वापरू नका. पलंगाखाली दोन दिवस दडून बसलेल्या मांजराची साखर फटाक्यांनी चढलेली असते, इन्सुलिन कमी पडतंय म्हणून नाही.

इंजेक्शनच्या वेळी आकडा अनपेक्षित कमी आला

रोज ३०० असणारं मांजर आज १७० वर आहे. पहिल्या काही आठवड्यांत २०० च्या खाली इंजेक्शन द्यायचं नाही, अशी रेषा धरा. खायला न देता अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. २०० च्या वर आणि चढता असेल तर नेहमीचा डोस. नसेल तर जेवण द्या, ती वेळ सोडा, पुढच्या वेळी मोजा. आठवड्यात दोनदा असं झालं तर डोस जास्त झालाय किंवा मांजराचा स्वतःचा स्वादुपिंड पुन्हा काम करू लागलाय. दोन्हीत कमीच करायचं आहे. मात्र मीटरवर आधीच ६० च्या खाली असेल किंवा मांजर मलूल असेल तर अर्धा तास थांबायचं नाही, लगेच खायला द्या.

इंजेक्शन देताना केस ओले लागले, सुई कातडीच्या पलीकडून बाहेर आली, मांजर उसळलं, किती गेलं कळत नाही: पुन्हा टोचायचं नाही. कधीच नाही. वहीत "अर्धवट" लिहा, पुढचं इंजेक्शन वेळेवर. टोचायला मानेपेक्षा कुशीची किंवा पोटाच्या बाजूची सैल कातडी चांगली, आणि रोज थोडी जागा बदलून.

लोकल बंद पडल्या, पाणी तुंबलं, दोन तास उशीर झाला: पोचल्यावर द्या आणि पुढचं हळूहळू जुन्या वेळेवर आणा. त्याहून जास्त उशीर झाला तर ती वेळ सोडा. दोन डोस एकत्र कधीही नाही.

मांजराने अर्ध्याहून कमी खाल्लं तर साखर मोजा, चढी असेल तरच निम्मा डोस, आणि डॉक्टरांना कळवा. मांजर खातच नाही, ओकतंय, सुस्त आहे, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर लघवीत कीटोन (साखरेऐवजी चरबी जाळली जाऊ लागली की बनणारे पदार्थ) पाहा. कीटोन सापडले तर त्याच दिवशी हॉस्पिटल, आकडा काहीही असो. मधुमेह असो-नसो, मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर यकृतावर चरबी चढण्याची भीती असते, म्हणून वाट पाहू नका.

खाणं बदलाल तर डोस आधी

दूध-पोळी, दूध-भात, ग्लुकोज बिस्किट यावर वाढलेली मांजरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरंच असतं. ते काढून कमी पिष्टाचं ओलं खाद्य सुरू केलं की साखर खरंच उतरते, काही मांजरांत दोन-तीन दिवसांत शंभर-दीडशेने. गोष्ट चांगलीच, पण तोच जुना डोस चालू राहिला तर मांजर बेशुद्ध पडू शकतं. म्हणून इन्सुलिन चालू असताना खाणं एकदम बदलायचं नाही. दहा-बारा दिवसांत थोडं थोडं, त्या काळात रोज तळ मोजून, आणि बदलाच्या आधी डॉक्टरांशी डोस कमी करण्याबद्दल बोलून. त्याच आठवड्यात डोस वाढवणं तर अजिबात नाही.

उकडलेली मांदेली किंवा बांगडा काटे काढून, मिठाशिवाय, अधूनमधून चालतो. रोज नुसते मासे हा पूर्ण आहार नाही. जीवनसत्त्वांची कमतरता होते. कामाला येणाऱ्या मावशी, शेजारचं पोर, खालच्या मजल्यावरच्या काकू यांना नीट सांगून ठेवा. दुपारी कोणीतरी वाटीभर दूध-पोळी घालत असेल तर तुमचा आलेख त्या वाटीचा असतो, इन्सुलिनचा नाही.

साखर उतरली तर

साध्या ग्लुकोज पावडरचं दाट पाणी किंवा मध घरात कायम ठेवा. मांजर शुद्धीत आहे आणि खातंय: लगेच जेवण, त्यावर चमचाभर ग्लुकोजचं पाणी. खात नाही पण गिळू शकतंय: एक लहान चमचा मध थोडा थोडा करून हिरड्यांवर चोळा. झटके येतायत किंवा बेशुद्ध: तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जाईल, बोटाने हिरड्यांना मध लावत राहा (दातांपासून बोट जपा) आणि गाडी बोलवा. मीटर शोधण्यात वेळ घालवू नका.

पंधरा-वीस मिनिटांनी मोजा, गरज असेल तर पुन्हा द्या. ग्लुकोज पटकन चढतो आणि पटकन संपतो, इन्सुलिन मात्र आणखी काही तास काम करतच राहतं. मांजर उठून चालायला लागलं म्हणून झोपायला गेलात तर दोन तासांनी तेच पुन्हा होऊ शकतं. आकडा दर तासाला पाहत, आणखी साखर न देता तो १०० च्या वर टिकेपर्यंत जागं राहायचं.

डोस वाढतच चाललाय

५ युनिटपर्यंत आलात आणि तळ अजून ३०० वर आहे, तर सहावा युनिट हे उत्तर नाही. आधी नवं कार्ट्रिज उघडून तीन दिवस पाहा. सिरिंजची ताकद, बुडबुडे, टोचण्याची जागा तपासा. मग डॉक्टरांकडे: दात आणि हिरड्यांचा संसर्ग, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड. खाजेसाठी किंवा दम्यासाठी कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय का, हे आठवून सांगा. त्याचा परिणाम काही आठवडे टिकतो. या सगळ्यातून काही निघालं नाही आणि बोक्याचा जबडा रुंद होतोय, पंजे मोठे दिसतायत, मधुमेह असून वजन वाढतंय, तर मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतल्या गाठीची शंका घेऊन आयजीएफ-१ ही रक्ततपासणी करतात.

उलट दिशेने

लवकर सुरू केलेलं ग्लार्जिन आणि कमी पिष्टाचं खाणं यांवर काही मांजरांना इन्सुलिनची गरजच उरत नाही, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. तळ ८० च्या आसपास येऊ लागतो आणि इंजेक्शनच्या आधीचा आकडाही २०० च्या खाली राहतो. मग पाव-अर्ध्याने खाली या, प्रत्येक पायरीवर आठवडाभर: १ वरून अर्धा दिवसातून दोनदा, मग अर्धा एकदाच, मग बंद. चांगले आकडे आले म्हणून १ वरून एकदम शून्यावर उडी मारू नका. घाईने बंद केलेलं इन्सुलिन परत सुरू करावं लागलं तर पुन्हा सुटणं अवघड जातं.

बंद झाल्यावर पहिला महिना आठवड्यातून दोनदा मोजा, नंतर आठवड्यातून एकदा, आणि पाणी-वजनाचे रकाने चालू ठेवा. १५० च्या वरचा आकडा लागोपाठ दोनदा आला तर डॉक्टरांना फोन. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: मधुमेह होता, स्टेरॉइड देऊ नये. उरलेल्या सिरिंजा आणि लॅन्सेट झाकणाच्या जाड प्लॅस्टिक बाटलीत भरून दवाखान्यात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर सोसायटीचा कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात त्या घुसतात.